उभ्या पिकअपला चावी सगळ्यात शेवटी

दोन-चार वर्षं गोठ्यामागं उभी असलेली पिकअप बाहेर काढायची ठरली की पहिल्या तासात तीच तीन कामं होतात: दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची, टाकीत पाच लिटर डिझेल ओतायचं आणि सेल्फ मारायचा. नाहीच उचलली तर ट्रॅक्टरला टोचन लावून गिअरमध्ये ओढायची. उभं राहून चार वर्षांत झालं नाही तेवढं नुकसान या एका तासात होतं. गंजलेल्या रिंगा कोरड्या लायनरवर घासतात, टाकीच्या तळाचा गाळ पंपात जातो, अडकलेल्या वॉल्व्हची पुशरॉड वाकते. इतकं होऊनही इंजिन चालू झालंच, तर गाडी थांबवायला ब्रेक नसतो.

म्हणून क्रम उलटा धरा. आधी गाडी थांबली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे, मग तिला स्वच्छ ऑइल आणि स्वच्छ डिझेल मिळालं पाहिजे. चावी त्यानंतर. खालचे टप्पे मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल गाड्यांसाठी आहेत: महिंद्राच्या डीआय इंजिनाच्या पिकअप, टाटा 207 डीआय आणि त्याच पिढीतल्या इतर गाड्या. कॉमन रेल इंजिनाला ब्रेक, पाणी आणि चासीचे टप्पे जसेच्या तसे लागू पडतात, पण त्याच्या डिझेल लाइनचे नट घरी सोडू नका. त्या लाइनमध्ये हजार बारच्या वर दाब असतो.

## तयारी: जागा, सामान आणि फोटो

गाडी काळ्या मातीत उभी असेल तर आधी ती जागा सोडवा. काळी माती वरून दगडासारखी दिसते, पण जॅकवर वजन आलं की जॅक तिरका होऊन आत जातो. जॅकखाली आणि घोडीखाली (उचललेली गाडी टेकवायचा स्टँड) किमान दोन इंच जाडीची बाभळीची फळी टाका. शहाबादी फरशी टाकू नका, ती वजनाखाली तडकते. शक्य असेल तर गाडी हाताने ढकलून मुरमाच्या जागेवर आणा. चाकं जाम असतील तर ओढाओढ न करता टप्पा 1 तिथंच करा.

जमवायचं सामान: रिंग पाने आणि गोटी पान्यांचा सेट, दोन घोड्या, चाकांना लावायला चार लाकडी गुटके, मल्टीमीटर, हातमोजे. ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, 15डब्ल्यू-40 इंजिन ऑइल, डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल (ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो आकडा असेल तोच), कूलंट, 10 लिटर बॅटरीचं पाणी, नोझलखालचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) तांब्याचे वॉशर, डिझेलचा रबरी पाइप आणि क्लिपा. गंजलेल्या नटांसाठी डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) निम्मं-निम्मं मिसळून ऑइलच्या कुपीत भरा आणि काम सुरू करायच्या दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ नटांवर सोडा. ज्याला हे दोन दिवस थांबवत नाही, तो तिसऱ्या दिवशी तुटलेले स्टड ड्रिलने काढत बसतो.

प्रत्येक जोड सुटायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव.

सावध: बॉनेट उघडताना हात आधी आत घालू नका. उंदरांनी एअर फिल्टरच्या डब्यात घर केलेलं असतं आणि उंदरामागं साप येतो. काठीने हलवा, थांबा, मग हात घाला.

## टप्पा 1: ब्रेक

चारही ड्रम किंवा डिस्क उघडा. ड्रम निघत नसेल तर घण घालू नका. आधी मागून अॅडजस्टर सैल करा, मग ड्रमच्या कडेला लाकडाचा ठोकळा ठेवून गोल फिरवत ठोका. आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसा.

व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून बघा. आत ओल दिसली की सिलिंडर गळतोय. किट टाकायचं की नवा सिलिंडर घ्यायचा, याचा निर्णय बोटाने करा: आतल्या भिंतीवर नख फिरवा, खड्डा लागला तर किट टाकून उपयोग नाही. नवं रबर त्या खड्ड्यावर महिनाभरात फाटतं. मास्टर सिलिंडरलाही हाच नियम.

रबरी होज वाकवून बघा. वाकवल्यावर भेगा दिसल्या तर बदला. मागच्या अॅक्सलवरची लोखंडी पाइप चिखलाखाली गंजते. चिखल खरवडल्याशिवाय ती चांगली दिसते, म्हणून आधी खरवडा.

जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून टाका. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 3 नव्या अवस्थेत 205 अंशांना उकळतं, पाणी धरल्यावर ती मर्यादा 140 च्या आसपास येते. भरलेली गाडी घाट उतरताना ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकतं. मांजरसुंब्याचा घाट उतरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

हवा काढायचा क्रम: मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक पहिलं. आपल्याकडच्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एक जण केबिनमध्ये, एक जण खाली. केबिनमधला पेडल दाबून "धरलं" म्हणतो. खालचा माणूस हवा काढायचा निपल पाव फेरा सोडतो, ऑइल बाटलीत येऊ देतो, निपल बंद करतो आणि "सोड" म्हणतो. या दोन शब्दांचा गोंधळ झाला की प्रत्येक वेळी हवा परत आत जाते आणि दोन तास काम करून पेडल स्पंजासारखंच राहतं. टाकीतलं ऑइल दर सात-आठ दाबांनंतर बघा.

चूक: ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल, पॉवर स्टेअरिंगचं ऑइल किंवा "धुवायला" डिझेल घालणं. रबर फुगतं, ब्रेक चिकटून बसतात, आणि मग मास्टरपासून चाकापर्यंत प्रत्येक रबर बदलावं लागतं. धुवायला फक्त नवं ब्रेक ऑइल.

तपासा: पेडल पायाने जोरात एक मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली गेलं तर कुठं तरी गळती आहे किंवा मास्टर आतून सोडतोय. पुढचा टप्पा यानंतरच.

चाकं उघडलीच आहेत तर बेअरिंग धुऊन नवीन ग्रीस भरा आणि टायरच्या बाजूचा चार आकडी शिक्का वाचा. 3518 म्हणजे 2018 सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी बाजूला भेगा पडलेला टायर लोडसाठी वापरू नका.

## टप्पा 2: पाणी

मराठवाड्यातल्या जुन्या गाड्यांची इंजिनं जास्त करून इथं संपतात, आणि कारण बोअरचं पाणी. हंड्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या आत बसतो. लोखंड आणि पाणी यांच्या मध्ये हा थर आला की उष्णता बाहेर पडत नाही. हिवाळ्यात हे कळतही नाही. एप्रिल-मेमध्ये 42 अंशांत लोड घेऊन चढ चढला की हेड गॅसकेट जातं.

खालचा कॉक सोडून पाणी काढा आणि त्याचा रंग बघा. तांबूस म्हणजे ब्लॉक गंजतोय, वर तेलकट तवंग म्हणजे हेड गॅसकेट किंवा ऑइल कूलर बघावा लागेल. रेडिएटर काढून दुकानात द्या. पितळी असेल तर वरची टाकी उघडून नळ्यांत सळई मारून घ्या. फक्त बाहेरून पाणी मारून आणलेला रेडिएटर परत करा. अॅल्युमिनियमचा असेल आणि नळ्या भरल्या असतील तर नवा घेतलेला बरा.

रेडिएटर बाहेर असताना ब्लॉक उलट्या दिशेने धुवा: पाणी नेहमी जिथून बाहेर पडतं, तिथून नळी लावा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा.

थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आपल्याकडे गावोगाव आहे. ती सोडा. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर गरम होत नाही, थंड इंजिनात झीज जास्त होते, डिझेल जास्त लागतं. काही इंजिनांत तर त्याच थर्मोस्टॅटमुळे बायपास बंद होतो. तो काढला की निम्मं पाणी रेडिएटरमध्ये न जाताच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. काढून टाकण्याआधी तो घरी तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, म्हणजे तळाला टेकणार नाही, आणि पाणी तापवा. त्याच्यावर 80 च्या आसपासचा एक आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाला मधली चकती हलायला लागते आणि पाणी उकळीला येईपर्यंत चांगली सात-आठ मिलिमीटर उघडते. पाणी गार झाल्यावर पूर्ण बंद झाली पाहिजे. झाली तर तो चांगला आहे, परत बसवा.

भरताना कूलंट निम्मं, बॅटरीचं पाणी निम्मं. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, असं बरेच जण म्हणतात. इथं कूलंट गंज थांबवायला आणि उकळणं लांबवायला हवं. रेडिएटरच्या कॅपचं रबर कडक झालं असेल तर कॅप नवी घ्या. कॅप दाब धरते म्हणूनच पाणी 100 अंशांच्या पुढं गेलं तरी उकळत नाही.

## टप्पा 3: इंजिन हाताने फिरवणं

गाडी न्यूट्रलमध्ये. बॅटरी जोडलेली नको. चारही नोझल काढा, भोकं लगेच स्वच्छ फडक्याने झाका. प्रत्येक सिलिंडरमध्ये 10 ते 15 मिली इंजिन ऑइल सोडा, म्हणजे चहाचे दोन-तीन चमचे. रात्रभर राहू द्या.

सकाळी क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना आणि लांब दांडा लावा. पुढून बघताना घड्याळाच्या दिशेने, हळूहळू. टॅपेट कव्हर काढून ठेवा, म्हणजे वॉल्व्ह दाबणारे रॉकर दिसतील. दोन पूर्ण फेऱ्यांत प्रत्येक रॉकर खाली जाऊन परत वर आला पाहिजे. एखादा खालीच राहिला तर तो वॉल्व्ह अडकलाय. तिथंच थांबा, वॉल्व्हच्या दांड्यावर ऑइल-डिझेलचं मिश्रण सोडा, हलक्या हाताने वर-खाली करून मोकळा करा.

फिरतच नसेल तर जोर वाढवू नका. आणखी ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, मग दोन्ही दिशांना थोडंथोडं हलवा. आठवडाभरात हललं नाही तर हेड काढायचं. टोचन लावून इंजिन सोडवायचा विचारही नको.

सावध: नोझल परत बसवण्याआधी सिलिंडरमधलं ऑइल बाहेर काढलंच पाहिजे. 2500 सीसीच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर एका सिलिंडरमागं जेमतेम 35 ते 40 मिली जागा उरते. तिथं तेल साचलं तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकते. ते तेल बाहेर काढायचं काम पुढच्या टप्प्यात सेल्फने होतं.

नोझल याच वेळी पंप-नोझलच्या दुकानात देऊन दाब आणि फवारा तपासून घ्या.

## टप्पा 4: ऑइल

चेंबरचा (इंजिनाखालची ऑइलची टाकी) बोल्ट सोडताना पहिले काही थेंब नीट बघा. आधी स्वच्छ पाणी आलं तर ते तळाला बसलेलं आहे. दुधाळ ऑइल आलं तर हेड गॅसकेट तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका. नवा फिल्टर, नवं ऑइल, मात्रा डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत, तिच्या वर नाही.

आता बॅटरी जोडा, पण डिझेल बंद ठेवून: पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा, किंवा ओढायची केबल असेल तर ती बंद बाजूला बांधून ठेवा. नोझल बाहेरच. भोकांवर जुनं गोणपाट टाका आणि तोंड बाजूला ठेवा, कारण ऑइलची चिळकांडी उडते. सेल्फ 10 सेकंद मारा, मिनिटभर थांबा, परत 10 सेकंद. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत हे करा. चार-पाच वेळा करूनही दिवा विझत नसेल तर आधी दिव्याची वायर आणि सेन्सर बघा, मग ऑइल पंप.

## टप्पा 5: डिझेल

टाकी पूर्ण रिकामी करा. जुन्या डिझेलमध्ये तळाला पाणी बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळा बुळबुळीत गाळ वाढतो. टाकी उतरवा, आत डिझेल घालून हलवा, ओता, पुन्हा करा. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ पेटते आणि टाकी फुटते.

रबरी पाइप सगळे बदला, वरून चांगले दिसले तरी. जुना पाइप डिझेल बाहेर सोडत नाही पण हवा आत ओढतो, आणि मग गाडी रोज सकाळी "हवा धरते". याचं खापर पंपावर फुटतं आणि पंप विनाकारण उघडला जातो.

नोझल नव्या तांब्याच्या वॉशरवर बसवा. हवा काढायचा क्रम: फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हातपंप दाबत राहा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की दाबत असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसाच. शेवटी नोझलवरचे पाइपचे नट अर्धा फेरा सैल ठेवा. ते टप्पा 6 मध्ये सेल्फ मारल्यावर डिझेल दिसलं की आवळायचे.

सावध: नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. ती धार कातडीतून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

## टप्पा 6: चावी

आधी वायरिंगवर हात फिरवा. उंदरांनी कुरतडलेल्या जागा बहुतेक केबिनच्या भिंतीजवळ असतात. इंजिन ते चासी आणि चासी ते बॅटरी या दोन अर्थिंगच्या पट्ट्या काढून घासून परत लावा. सेल्फ मंद फिरतो त्यात बॅटरीपेक्षा या पट्ट्यांचा दोष जास्त वेळा असतो. इंजिन बंद असताना बॅटरीवर 12.6 व्होल्ट हवेत.

क्लच दाबून गिअर पडत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटलीय. पेडल दाबून लाकडाने रात्रभर अडकवून ठेवा, बहुतेक वेळा एवढ्याने सुटते.

एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा पाइप काढून ठेवा आणि त्या तोंडावर बसेल अशी जाड सपाट फळी हातात घेऊन एक माणूस बाजूला उभा करा. बरीच वर्षं न फिरलेल्या पंपात डिझेल कमी-जास्त करणारा रॅक अडकलेला असू शकतो. तसं असेल तर इंजिन चालू होताच आवाज चढत जातो आणि चावी बंद करूनही थांबत नाही. तेव्हा फळीने हवा बंद करायची. फडकं किंवा हात नाही, दोन्ही आत ओढले जातात.

स्टॉपची वायर परत जोडा, चाकांना गुटके लावा, सेल्फ मारा. सैल नटांतून डिझेल ठिबकलं की नट आवळा आणि पुन्हा मारा. इंजिन धरलं की रेस देऊ नका. ऑइलचा दिवा तीन-चार सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद. सुरुवातीचा पांढरा-निळा धूर सिलिंडरमधल्या उरलेल्या ऑइलचा असतो आणि काही मिनिटांत कमी होतो. वीस मिनिटांनी वरच्या आणि खालच्या होजला हात लावा: वरचा गरम, खालचा त्याहून कमी गरम हवा. बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट यायला हवेत.

पहिले 50 किलोमीटर रिकामी चालवा. मग ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर पुन्हा बदला. हे पैसे वाचवू नका, सुटलेला सगळा गाळ याच फिल्टरांत आलेला असतो.

## टप्पा 7: चासी आणि हौदा

इंजिन दुसरं मिळतं, चासी मिळत नाही. म्हणून इथं घाई नको.

चासीच्या आतल्या कडेवर आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंग) हँगरजवळ काळ्या मातीचे गठ्ठे असतात, ते पावसाळ्यानंतर महिनोन् महिने ओल धरून ठेवतात. मोटरने पाण्याच्या जोरात धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा. मग लहान हातोडीने चासी पुढून मागं ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द येतो. बद्द आला तिथं स्क्रूड्रायव्हर टोचा.

हौद्याचं दुखणं मालामुळं. मोंढ्यात सोयाबीन नेणारी गाडी वीस वर्षं टिकते, खतं वाहणारी तेवढी टिकत नाही. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मूळचा क्षारच. सांडलेले दाणे पत्र्याच्या जोडात बसतात, दमट हवेत पाणी ओढतात आणि पत्रा खातात. खत किंवा शेणखत उतरवलं की त्याच दिवशी हौदा धुवायचा, कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं तारेने मोकळी करायची. रबरी मॅट टाकली असेल तर पावसाळ्यात उचलून ठेवा, तिच्याखाली पत्रा कायम ओला राहतो.

गंज काढताना वायर ब्रशने तांबडं उडालं म्हणजे झालं असं नाही. ग्राइंडरने पांढरं लोखंड दिसेपर्यंत जा. भोक पडलं तर कडेचा पातळ झालेला पत्राही कापा आणि त्याच जाडीचा तुकडा बसवा. गंजावर पुट्टी भरून रंग मारला तर एका पावसाळ्यात फोड येतात.

चासीला तडा असेल तर तड्याच्या टोकाला 5 मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढं जात नाही. मग वेल्डिंग. वरून लावायची पट्टी चौकोनी कापू नका, टोकं निमुळती ठेवा. चासीला आडवी, वरून खाली सरळ वेल्डिंगची रेघ मारली की पुढचा तडा त्याच रेघेला जातो. रॉड 7018 आणि पूर्ण कोरडा. वेल्डिंगआधी बॅटरीचं मायनस आणि अल्टरनेटरची जोडणी काढा.

चासी नंबर कोरलेल्या जागी ग्राइंडर, वेल्डिंग किंवा जाड रंग, काहीही नको. फिटनेसला तो नंबर वाचता आला पाहिजे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतं. हौद्याच्या फळ्याही नोंदणीत नसलेल्या मापाने वाढवू नका.

रंगाचा क्रम: घासलेल्या लोखंडाला त्याच दिवशी प्रायमर, वर दोन हात इनॅमल, दोन हातांच्या मध्ये डब्यावर लिहिलेली वेळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे काम करायचे महिने. मे महिन्यात पत्रा इतका तापतो की रंग पसरायच्या आत सुकतो आणि वावटळीची धूळ त्यात बसते. पावसाळ्यात ओल रंगाखाली अडकते.

चूक: चासीवर जळकं ऑइल मारणं. गंज काही दिवस थांबतो खरा, पण ते ऑइल शॅकलच्या (पाट्या चासीला जोडणारी कडी) बुशांवर आणि ब्रेकच्या होजवर ओघळून रबर कुजवतं, आणि त्यावर धूळ बसून ओल धरणारा नवा थर तयार होतो. चासीच्या आतल्या पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारा.

## टप्पा 8: पुन्हा उभी करायची वेळ आली तर

हंगाम संपला आणि गाडी चार-पाच महिने उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा. रिकाम्या जागेतल्या हवेची ओल टाकीत पाणी होऊन बसते. ऑइल गाडी उभी करण्याआधी बदला, नंतर नाही, कारण जुन्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंग खातं. हँडब्रेक ओढून ठेवू नका, गुटके लावा. गाडी मुरमावर किंवा फरशीवर उभी करा, उकिरड्यापासून लांब. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा.

दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून बंद करायची सवय गाडीला उलट बाधते. इंजिन पुरतं तापत नाही आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये राहतं. महिन्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवा, नाहीतर चालूच करू नका.

सायलेन्सरच्या आणि एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, म्हणजे उंदीर शिरणार नाहीत. स्टेअरिंगला लाल चिंधी बांधा आणि तिच्यात चिठ्ठी खोचा: जाळी कुठं कुठं लावलीय, बॅटरी कुठं आहे, ऑइल कुठल्या तारखेला बदललं.